मोडलेला जबडा: तोंडात, ऑपरेशन थिएटरात आणि कागदावर

जबड्याला मार लागून आलेल्या माणसाला अनुभवी सर्जन आधी दुखण्याबद्दल विचारत नाही. "दात पहिल्यासारखे बसतायत का?" असं विचारतो. पेशंट तोंड मिटून बघतो, जरा घुटमळतो आणि म्हणतो, "नाही, काहीतरी वेगळंच लागतंय." एवढ्या उत्तराने अर्धं निदान होऊन जातं. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये वीस-पंचवीस मायक्रॉनचा पापुद्रा आला तरी माणसाला तो जाणवतो. डोक्यावरचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. त्यामुळे हाड जेमतेम मिलिमीटरभर सरकलेलं असलं, एक्स-रेवर भेग डोळे ताणून शोधावी लागत असली, तरी दातांना ती आधीच कळलेली असते.

शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला अशी उपजत मोजपट्टी मिळालेली नाही. मांडीचं हाड जोडताना ते अंशभर वाकडं राहिलं तर माणूस आयुष्यभर नकळत चालत राहतो. जबड्यात तेवढी चूक प्रत्येक घासाला आठवण करून देते. म्हणून जबड्याच्या फ्रॅक्चरमध्ये निदानाची सुरुवात दातांपासून होते आणि शस्त्रक्रिया जमली की नाही याचा निकालही दातच देतात.

दातांचा प्रश्न विचारून झाला की पुढची चाचणी रुपया-दोन रुपयांची. घसा तपासायची लाकडी पट्टी पेशंटने दाढांमध्ये घट्ट धरायची आणि डॉक्टरने ती पिळायची. जबडा धड असेल तर पट्टी कडकन मोडते, पण दातांतून सुटत नाही. हाड मोडलेलं असेल तर कळ येते आणि तोंड आपोआप उघडतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या पट्टीने शंभरातली सुमारे पंच्याण्णव फ्रॅक्चर हेरली होती. उलट बाजूने मात्र ती तितकी भरवशाची नाही, कारण नुसत्या मुक्या मारानेही पट्टी सुटते. पट्टी दोन्ही बाजूंना मोडली तर फ्रॅक्चर बहुधा नाही एवढंच तिच्यावरून म्हणता येतं. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. गुटखा किंवा खर्रा वर्षानुवर्षं चघळून ज्यांच्या गालांची आतली कातडी ताठर झाली आहे, त्यांचं तोंड अपघाताआधीच दोन बोटंही उघडत नसतं. मग तोंड न उघडणं हे लक्षण फ्रॅक्चरचं की तंबाखूचं, हे घरच्यांना विचारूनच ठरवावं लागतं.

बाकीच्या खुणा डोळ्यांनी आणि बोटांनी शोधायच्या. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली असेल तर हाडाच्या आतून जाणारी नस दुखावलेली असते. जीभ उचलून बघितलं आणि तळाशी जांभळा डाग दिसला, तर फ्रॅक्चर जवळजवळ नक्की समजावं. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला ओढली जात असेल, तर त्याच बाजूचं कंडाईल मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. कंडाईल म्हणजे कानापुढच्या सांध्यात बसणारं जबड्याचं टोक. कानातून रक्त आलं की नातेवाईक डोक्याला मार लागला म्हणून घाबरतात. कधी ते खरंही असतं. पण कधी मागे ढकललेल्या कंडाईलने कानाच्या नळीची पुढची भिंत फाडलेली असते.

खालचा जबडा दोन्ही कानांपुढे कवटीला सांध्यांनी टांगलेला असतो, म्हणजे कवटी धरून त्याचं एक पुरं कडं होतं. हातातली काचेची बांगडी आपटली की ती एकाच जागी तुटून थांबत नाही, दोन-तीन तुकडे होतात. जबड्याचंही तसंच आहे. मार बसला उजवीकडे पुढच्या बाजूला, तर एक भेग तिथे आणि दुसरी डाव्या कोपऱ्यात, असा प्रकार नेहमीचा. एक फ्रॅक्चर सापडलं की दुसरं शोधायचं, हा धडा या शाखेतल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी घोटवला जातो. कोपऱ्यात, म्हणजे ज्याला सर्जन अँगल म्हणतात तिथे, न उगवलेली अक्कलदाढ रुतून बसलेली असेल तर हाड आधीच पोकळ झालेलं असतं आणि भेग तिथूनच जाते.

सगळ्यांत फसवी जागा हनुवटी. सायकलवरून पडलेल्या मुलाच्या हनुवटीला फाटतं, दवाखान्यात तीन टाके पडतात, मूल घरी जातं. धक्का मात्र हाडातून मागे जाऊन दोन्ही कंडाईल मोडून गेलेला असतो. इंग्लंडच्या राजवाड्यासमोर तासन्‌तास ताठ उभे राहणारे पहारेकरी भोवळ येऊन सरळ हनुवटीवर आपटतात, त्यावरून मधला भाग आणि दोन्ही कंडाईल अशा तिहेरी फ्रॅक्चरला 'गार्ड्समन फ्रॅक्चर' हे नाव पडलं. मोठ्या माणसात हे निभावून नेता येतं. लहान मुलात दुर्लक्ष झालं तर सांध्यात साकळलेल्या रक्ताचं हाड बनतं, सांधा जखडतो, तोंड उघडेनासं होतं आणि जबड्याची वाढ खुंटून हनुवटी मागे राहते. पुढे कधीतरी ते मूल शस्त्रक्रियेसाठी येतं तेव्हा आईला मूल पडल्याचा तो जुना दिवस आठवावा लागतो. हनुवटीला टाके घालणाऱ्या प्रत्येकाने कानापुढे बोटं ठेवून मुलाला तोंड उघडायला सांगायला हवं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते अजूनही सर्रास राहून जातं.

जबडा मोडून जीव जाऊ शकतो तो श्वासामुळे. जिभेचे स्नायू जबड्याच्या पुढच्या भागाला आतून चिकटलेले असतात. तो भाग दोन्ही बाजूंनी सुटला तर जीभ मागे घशात पडते. अशा जखमीला शुद्ध असेल तर तो उठून पुढे वाकून बसायला बघतो. मदतीला धावलेले लोक त्याला प्रेमाने उताणा झोपवतात. तसं करू नये. मानेला मार नसल्याची खात्री असेल तर त्याला वाकून बसू द्यावं, नाहीतर मान सांभाळत कुशीवर वळवावं.

तपासणीनंतर फोटो. 'ओपीजी काढून आणा' हे वाक्य दातांच्या दवाखान्यात गेलेल्या कुणालाही परकं नाही. डोक्याभोवती फिरून पूर्ण जबडा एका सपाट पट्टीवर उलगडून दाखवणाऱ्या या यंत्रामागे फिनलंडच्या युर्यो पाटेरो यांचं काम आहे. त्या पट्टीवर अगदी मधला भाग मात्र मणक्याच्या सावलीने धूसर दिसतो. शिवाय ओपीजीला सरळ उभं राहावं लागतं आणि अपघातातून आलेला माणूस उभा राहीलच असं नाही. त्यामुळे मोठ्या मारात आता थेट सीटी काढतात. त्यावरून तयार होणारं त्रिमितीचं चित्र नातेवाईकांना समजावण्यासाठीही उपयोगी पडतं. काळी-पांढरी फिल्म बघून मान डोलावणारे लोक ते चित्र बघून खरे प्रश्न विचारायला लागतात.

फोटो आत्ताचे, पण मोडलेला जबडा बसवायचे प्रयत्न फार जुने आहेत. इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये, जो इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा मानला जातो, ४८ जखमींची वर्णनं आहेत. निखळलेला जबडा अंगठे तोंडात घालून कसा बसवायचा हे त्यात सांगितलं आहे आणि आजही तो जवळपास तसाच बसवतात. जखमेसह मोडलेल्या जबड्याबद्दल मात्र त्या वैद्याचा निर्णय असा, की या रुग्णावर उपचार करू नयेत. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या किंवा तागाच्या धाग्याने एकमेकांना बांधायचा सल्ला येतो. सुश्रुतसंहितेत हनुसंधी निसटल्यावर शेक देऊन तो जागेवर आणायचा आणि 'पंचांगी' नावाचा पट्टा बांधायचा, असा विधी आहे. तिथेच, माराने दात हलले असतील तर तरुण रुग्णाने कमळाच्या देठातून दूध प्यावं, असंही सुचवलं आहे. चावणं बंद, पण पोषण चालू, हा आजच्या वॉर्डातला आहाराचा नियम तिथे देठासकट हजर आहे.

पट्ट्याने काय साधतं हे क्रिकेट बघणाऱ्या पिढीने २००२ च्या मे महिन्यात अँटिग्वाला पाहिलं. मर्व्हिन डिलनचा चेंडू जबड्यावर बसून फ्रॅक्चर झालेला अनिल कुंबळे हनुवटीखालून डोक्यावर पट्टा गुंडाळून मैदानात आला, सलग १४ षटकं टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. दुसऱ्या दिवशी तो शस्त्रक्रियेसाठी बंगळूरला निघाला. पट्टा खालचे दात वरच्या दातांवर दाबून धरतो आणि तुकड्यांची हालचाल कमी करतो, म्हणून वेदनाही कमी होते. पण हा तात्पुरता टेकू असतो. तुकडे मागे सरकत असतील तर तोच पट्टा घातकही ठरू शकतो.

तात्पुरत्या टेकूपासून कायमच्या जोडणीपर्यंतचा रस्ता बराचसा युद्धांतून गेला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड ५ एप्रिल १८६५ ला घोडागाडीच्या अपघातात सापडले आणि त्यांचा जबडा मोडला. ते अंथरुणावर असतानाच, १४ एप्रिलला, लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच रात्री लुईस पॉवेलने त्यांच्या खोलीत घुसून चेहऱ्यावर सुऱ्याचे वार केले. जबड्यावरच्या पट्टीने सुरा अडवला म्हणून ते वाचले, अशी कथा पुढे रंगली. वस्तुतः टॉमस गनिंग या दंतवैद्याने बनवलेला कडक रबराचा साचा त्यांच्या तोंडात बसला तो हल्ल्यानंतर. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यासाठी 'गनिंग स्प्लिंट' अजून वापरतात. मापाला दातच नसतील तर कवळीवरून माप घ्यायचं, ही त्यामागची युक्ती. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत सैनिकांचं डोकं तेवढं वर यायचं, त्यामुळे चेहऱ्याच्या जखमांचा पूर आला. हार्वर्डहून आलेला आर्मेनियन वंशाचा दंतवैद्य वाराझ्टाड कझान्जियन आणि सिडकपच्या रुग्णालयातला सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्या कामातून दंतवैद्य आणि सर्जन एकाच टेबलाशी उभे राहायला शिकले. आज भारतात ही शस्त्रक्रिया करणारा मॅक्झिलोफेशियल सर्जन मूळचा दंतवैद्यक शिकलेला असतो, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. दातांची ठेवण हाच या कामाचा पाया आहे हे कळलं की ते ओसरतं.

वरच्या जबड्याची गोष्ट वेगळी आणि थोडी भीषण. फ्रान्समधल्या लील शहराचे रेने ल फोर यांनी ३५ मृतदेहांच्या चेहऱ्यांवर सोट्याने प्रहार करून, कधी डोकी टेबलाच्या कडेवर आपटून, हाडं कुठून फुटतात ते तपासलं. १९०१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. कवटी कशीही फोडली तरी चेहरा ठरावीक तीन रेषांवरच सुटत होता. ल फोर एकमध्ये दातांचा कमानीसारखा भाग सुटतो, दोनमध्ये नाकासह त्रिकोण, तीनमध्ये अख्खा चेहरा कवटीपासून वेगळा होतो. वरचे पुढचे दात धरून हलवले की काय काय हलतं ते बघायचं, हीच तपासणी.

आता उपचार. जुनी आणि अजूनही भक्कम पद्धत म्हणजे तोंड बांधणं. वरच्या आणि खालच्या दातांवर धातूच्या आकड्यांच्या पट्ट्या, म्हणजे आर्च बार, बारीक तारांनी बसवतात आणि मग दोन्ही पट्ट्या एकमेकींना जखडतात. दात जुळले की हाड आपसूक जागेवर येतं आणि चार ते सहा आठवड्यांत जुळतं. त्या काळात पेशंटचं जग द्रवरूप होतं: पेज, ताक, डाळीचं पाणी, नाचणीचं सत्त्व, मिक्सरमधून काढून गाळलेली भाजी. वजन उतरतं. घरी जाताना तार कापायची कात्री सोबत देतात, कारण उलटी झाली आणि तोंड उघडता आलं नाही तर जीव गुदमरू शकतो.

हे सहा आठवडे वाचवले ते मिनीप्लेटने. आधीच्या धातूच्या पट्ट्या जाड असत आणि बऱ्याचदा गळ्याकडून कातडी कापून बसवाव्या लागत. १९७० च्या दशकात स्ट्रासबुर्गच्या मॅक्सिम शाँपी यांनी जबड्यावर चावताना कुठे ताण आणि कुठे दाब येतो याचा नकाशा मांडला. मोडलेल्या जबड्याने चावलं की वरची कड फाकते आणि खालची कड आपोआप दाबली जाते. मग खालच्या कडेला जाड प्लेट कशाला? फाकणाऱ्या रेषेवर एक मिलिमीटरभर जाडीची पट्टी आणि छोटे स्क्रू पुरतात. अँगलपाशी एकच, तर हनुवटीच्या भागात दोन, कारण तिथे हाडाला पीळही बसतो. हिरडीखालून आतूनच छेद घेता येतो, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. टायटॅनियमची ही प्लेट सहसा काढतही नाहीत. कंडाईलच्या बाबतीत मात्र सर्जनांचे दोन तट आहेत. तिथे पोचायला कानापुढून किंवा जबड्याच्या मागून कातडी कापावी लागते आणि वाटेत चेहरा हलवणारी नस असते. म्हणून काही सर्जन कंडाईल न उघडता रबरबँड आणि व्यायामावर सोडतात. मुलांमध्ये तर सांधा लवकर हलता ठेवणं हाच उपचार.

शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचीही कसोटी असते. प्लेट बसवताना दात मिटलेले हवेत, तेव्हा श्वासाची नळी तोंडातून घालता येत नाही. ती नाकातून जाते. नाक आणि कवटीचा तळही फुटला असेल तर? स्पेनच्या फ्रान्सिस्को एर्नांडेस आल्तेमीर यांनी १९८६ साली हनुवटीखाली छोटा छेद घेऊन नळी तिथून बाहेर काढायची वाट दाखवली आणि बऱ्याच रुग्णांच्या गळ्याला भोक पाडणं टळलं.

शस्त्रक्रिया संपली की फाईल लिहायची आणि तिथे या विषयाचा तिसरा भाग सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत, खालच्या जबड्याच्या फ्रॅक्चरला एस०२.६ हा आकडा आहे. जगभरची आकडेवारी एका पट्टीने मोजायला तेवढं पुरतं. अमेरिकेने मात्र १ ऑक्टोबर २०१५ पासून या यादीची आपली सविस्तर आवृत्ती लागू केली आणि दुसऱ्या वर्षी जबड्याला डावं-उजवंही जोडलं. तिथे एस०२.६५१ए म्हणजे उजव्या अँगलचं, जखम नसलेलं फ्रॅक्चर, उपचार चालू. डावीकडचं असेल तर एकऐवजी दोन. सिम्फिसिसला, म्हणजे हनुवटीच्या अगदी मधल्या भागाला, डावं-उजवं नाही, म्हणून सहाव्या घरात नुसता एक्स भरून एस०२.६६एक्सए लिहायचं. गंमत अशी, की मधल्या भागाच्या शेजारची परासिम्फिसिस, जिथे भारतात कितीतरी फ्रॅक्चर होतात, तिला स्वतंत्र घरच नाही.

हे दूरच्या देशाचं गणित इथे का सांगायचं? कारण अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फायलींना असे आकडे देणारे कितीतरी कोडर पुण्यात आणि नवी मुंबईत बसतात. त्यांनी पेशंट पाहिलेला नसतो, फोटोवरून निदान करायची त्यांना परवानगी नसते. सर्जनने लिहिलं तेवढंच खरं. आणि इथे एक मोठी गोची आहे. दात असलेल्या भागातून गेलेली भेग दाताच्या मुळाशेजारून हिरडी फाडून तोंडात उघडते. लाळ आत जाते, जंतू जातात. सर्जनच्या लेखी ते उघडं फ्रॅक्चर असतं, म्हणून तो अँटिबायोटिक सुरू करतो. पण हे त्याला इतकं गृहीत असतं की तो लिहीत नाही. नियम असा, की उघडं की बंद हे लिहिलेलं नसेल तर बंद धरायचं. मग सातवं अक्षर उघड्याच्या बी ऐवजी बंदचं ए पडतं आणि गुंतागुंतीचा पेशंट नोंदीत साधा होऊन बसतो.

त्यात 'उघडं' या शब्दाचे दोन अर्थ. निदानात उघडं म्हणजे जखमेतून बाहेरच्या हवेशी जोडलेलं फ्रॅक्चर. शस्त्रक्रियेच्या यादीत उघडा उपचार म्हणजे छेद घेऊन हाड प्रत्यक्ष दिसलं. अमेरिकेच्या सीपीटी यादीत तोंड नुसतं तारांनी बांधलं तर २१४५३, छेद घेऊन प्लेट बसवली आणि तोंड बांधलं नाही तर २१४६१, बांधलंही तर २१४६२, कंडाईल उघडलं तर २१४६५. उघड्या फ्रॅक्चरवर बंद उपचार होऊ शकतो आणि बंद फ्रॅक्चरवर उघडा. नवा कोडर हमखास इथे चुकतो. सातव्या घरातल्या ए चा अर्थ 'पहिली भेट' असा लावणं ही दुसरी नेहमीची चूक. जोवर प्रत्यक्ष उपचार चालू आहे तोवर ए, नंतर नुसतं भरून येणं तपासायला आला की डी, आणि हाड जुळलंच नाही तर के. मार कशाने बसला याचे आकडे वेगळे. मोटरसायकल, मारामारी, पडणं हे तर आहेतच. गायीने धडक दिली तर तिलाही डब्ल्यू५५.२२ हे स्वतःचं घर आहे. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही.

इथल्या सरकारी योजनांतही आकड्यांचं काम चालतं, फक्त ते पॅकेजच्या नावाने. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. तिच्या पॅकेजांत जबडा न उघडता तारांनी बांधणं आणि उघडून प्लेट बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. कागदपत्रांत फ्रॅक्चरची जागा आणि बाजू नीट नसेल तर मंजुरी अडते आणि पेशंट सुजलेल्या चेहऱ्याने वॉर्डात थांबतो.

आणखी एका टेबलावर हाच कागद जातो: पोलिसांच्या. भारतीय दंड संहितेचं कलम ३२० आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम ११६, दोन्हींत हाड किंवा दात मोडणं वा निखळणं हे 'गंभीर दुखापती'त मोडतं. हेतुपुरस्सर केलेल्या अशा दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे मारामारीत जबडा मोडलेल्या माणसाच्या इजा प्रमाणपत्रावर डॉक्टर 'साधी' लिहितो की 'गंभीर', यावर दोन घरांचं पुढचं बरंच काही ठरतं. ओपीजीवर न दिसलेली कंडाईलची भेग दुसऱ्या दिवशीच्या सीटीत दिसली आणि पुरवणी प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही, तर आरोपीचा वकील पहिल्याच कागदावर बोट ठेवतो. म्हणून शहाणा निवासी डॉक्टर पहिल्या रात्री घाईने 'साधी' लिहून टाकत नाही. 'तपासणी अपूर्ण, मत राखून' असं लिहितो, सही करून वेळ टाकतो आणि सकाळी सीटीच्या खोलीत स्वतः जाऊन उभा राहतो.